१७ वर्षं आयटीत काढल्यावर एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं का, आणि करायचं तर कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, आयटी सर्व्हिसेसमध्ये १७ वर्षं, सध्या ऐरोलीच्या ऑफिसात डिलिव्हरी मॅनेजर, म्हणजे क्लायंटचं काम टीमकडून पूर्ण करून घेणारा, हाताखाली साधारण ६० जण, राहायला डोंबिवली, बायको शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत, होम लोन चालू. प्रमोशन तीन वर्षं अडकलंय आणि वयानं लहान पण एमबीए केलेली मंडळी अकाउंट हेड, म्हणजे एका क्लायंटच्या सगळ्या कामाचे प्रमुख, होऊन पुढे जातायत. तर एक्झिक्युटिव्ह एमबीए करावं का, कुठून करावं, आणि वय निघून गेलंय का.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. मी १६ वर्षं टेक्नॉलॉजीत होते, आधी कोडिंग, मग सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, मग डिलिव्हरी, म्हणजे तुमचाच रस्ता. ४०व्या वर्षी मुंबईतच नोकरी सांभाळून वीकेंडचा एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम केला, त्यानंतर बिझनेस साइडला आले, आणि आता काही वर्षं माजी विद्यार्थी म्हणून अॅडमिशनच्या इंटरव्ह्यू पॅनलवर बसते. त्यामुळे फॉर्म भरणारा काय विचार करतो आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले काय बघतात, दोन्ही मला जवळून माहितीये.

वयाचं लगेच सांगून टाकते, ४१ म्हणजे अजिबात उशीर नाही. पण माझ्या मते तुम्ही या वर्षी अॅडमिशन घेऊ नये. करू नका असं म्हणत नाहीये, आत्ता करू नका असं म्हणतेय, आणि हे का ते नीट सांगायला थोडा वेळ घेणार आहे.

एक्झिक्युटिव्ह एमबीए हा प्रकार मुळात कशासाठी निघाला ते बघा. शिकागो विद्यापीठानं १९४३ मध्ये हा पहिला प्रोग्राम सुरू केला, तो नोकरीत असलेल्या, आधीच काही ना काही सांभाळत असलेल्या लोकांसाठी. वर्गात जे शिकाल ते घेऊन कामावर जा, तिथे वापरा, तिथली अडचण परत वर्गात आणा, हा त्याचा गाभा. साध्या दोन वर्षांच्या एमबीएत पोरं नोकरी सोडून येतात आणि कॉलेज त्यांना प्लेसमेंटमधून नवीन नोकरी मिळवून देतं, तिथे डिग्रीच तुम्हाला उचलून दुसरीकडे ठेवते. वीकेंडच्या एक्झिक्युटिव्ह प्रोग्राममध्ये बहुतेक ठिकाणी तशी प्लेसमेंट नसतेच. तुम्हाला दुसरीकडे ठेवणारं कुणी नाही, तुम्हालाच सरकायचंय. म्हणून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारते की शनिवारी वर्गात जे शिकाल ते वापरायला सोमवारी तुमच्या हातात काय आहे?

माझंच एक उदाहरण सविस्तर सांगते कारण त्याशिवाय हे पोचणार नाही.

पहिल्या टर्मला फायनान्सच्या सरांनी सांगितलं होतं की प्रत्येकानं आपापल्या कामातला एक आकडा घेऊन या. मी माझ्या अकाउंटचं मार्जिन, म्हणजे खर्च वजा जाता उरणारा हिस्सा, घेऊन गेले, ३१ टक्के, आणि मला त्याचा अभिमान होता कारण ते टिकवायला मी बेंचवर, म्हणजे कामाशिवाय, कुणाला बसू दिलं नव्हतं, पिरॅमिड, म्हणजे वर थोडे सीनियर आणि खाली जास्त ज्युनियर, नीट ठेवला होता, फ्रेशर्स घेऊन त्यांना स्वतः तयार केलं होतं. माझ्या शेजारी एकजण बसायचे, त्यांचा घरचा भिवंडीला कापडाचा होलसेलचा धंदा, बी.कॉम. झालेले, वडील गेल्यावर सगळं अंगावर आलेलं. त्यांनी माझा आकडा ऐकला आणि इतकंच विचारलं, "पण मॅडम, पैसे कधी येतात?" मला उत्तर देता येईना. १६ वर्षं नोकरी झाली होती, अकाउंट वर्षाला १२ कोटींचं होतं, आणि क्लायंटकडून पैसे किती दिवसांनी येतात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी मी आमच्या फायनान्सच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला ९७ दिवस. आता हिशोब करा, १२ कोटींच्या अकाउंटवर ९७ दिवस म्हणजे कुठल्याही दिवशी साधारण ३ कोटी १९ लाख रुपये बाहेर अडकलेले. कंपनीला पैसा १० टक्क्यांनी पडतो असं धरलं तर वर्षाला जवळजवळ ३२ लाख रुपये नुसतं वाट बघण्यात जातायत, आणि माझ्या ३१ टक्क्यांत ते कुठे दिसतच नाहीत. मग मी मागे मागे जात राहिले की इतके दिवस का लागतात. तर क्लायंटचा मॅनेजर टाइमशीट महिना संपल्यावर अप्रूव्ह करायचा, त्यात आमच्याच पोरांच्या चुका निघायच्या, त्या दुरुस्त होऊन इनव्हॉइस जायचं पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला, आणि क्लायंटचे दिवस मोजायला सुरुवात व्हायची इनव्हॉइस पोचल्यापासून. यात फायनान्सची चूक काहीच नव्हती. चूक डिलिव्हरीत होती, म्हणजे माझ्याकडे. आम्ही टाइमशीट दर शुक्रवारी अप्रूव्ह करून घ्यायला लागलो आणि इनव्हॉइस ३ तारखेला जायला लागलं. १५ दिवस वाचले. १२ कोटींवर १५ दिवस म्हणजे साधारण ४९ लाख रुपये मोकळे झाले, एक ओळ कोड न लिहिता.

हे आमच्या बिझनेस हेडच्या लक्षात आलं, त्यांनी मला बोलावून विचारलं हे तुला कुणी सांगितलं, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदा एका अकाउंटचा पूर्ण पी अँड एल, म्हणजे नफ्यातोट्याचा हिशोब, माझ्या नावावर आला. डिग्री हातात यायला तेव्हा अजून सव्वा वर्ष बाकी होतं. मला प्रमोशन डिग्रीनं दिलं नाही, त्या प्रश्नानं दिलं, आणि तो प्रश्न घेऊन जाण्यासारखी जागा माझ्याकडे होती म्हणून दिलं.

आता त्याच वर्गातला दुसरा माणूस. आर्किटेक्ट, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, प्रॉडक्ट कंपनीत एकटा काम करणारा, टीम नाही, बजेट नाही, क्लायंटशी पैशाचं बोलणं नाही. केस स्टडीत तो सगळ्यात पुढे असायचा, मार्कही त्याला जास्त. पण सोमवारी त्याला त्यातलं काही वापरायला जागाच नव्हती. दोन वर्षांनी तो तिथेच होता आणि वर कर्जाचा हप्ता, आणि तो स्वतः मला म्हणाला की मी चुकीच्या वेळी आलो. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण दोन वर्षं आधी त्याला कुणी हे सांगितलं असतं तर त्यानं आधी कंपनीत प्राइसिंगच्या किंवा प्रॉडक्टच्या टीममध्ये बदली मागितली असती.

म्हणून तुमच्याबद्दल. तुमच्याकडे ६० माणसं आहेत म्हणजे सोमवार अर्धा तयार आहे. पण तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलं नाहीये की अकाउंटचे पैशाचे निर्णय तुमच्याकडे आहेत का. रेट कार्ड, म्हणजे क्लायंटला लावायचे दर, कोण ठरवतं? क्लायंटच्या कराराच्या रिन्यूअलच्या मीटिंगला तुम्ही असता का, की तुम्हाला नंतर ईमेल येतो? काम फिक्स्ड प्राइस, म्हणजे एका ठरलेल्या रकमेत, घ्यायचं की टाइम अँड मटेरियल, म्हणजे लागलेल्या वेळेप्रमाणे बिल करून, यात तुमचं मत विचारतात का? मला वाटतं नसावेत विचारत, कारण डिलिव्हरीवाल्याला बहुतेक ठिकाणी "तुम्ही काम करा, कमर्शियल आम्ही बघतो" असंच सांगतात. आणि तुमचं प्रमोशन अडकलंय ते बहुधा इथेच अडकलंय. ती एमबीएवाली मंडळी पुढे गेली ती नावापुढच्या तीन अक्षरांमुळे कमी आणि पहिल्या दिवसापासून पैशाच्या बाजूला बसली म्हणून जास्त. ती बाजू तुम्हाला आजही मागता येते. प्री-सेल्समध्ये, म्हणजे नवीन काम मिळवायच्या टप्प्यावर, एक मोठं प्रपोजल करायला घ्या, त्यातला कॉस्टिंगचा भाग स्वतःहून मागून घ्या, पुढच्या वर्षीच्या बजेटचं एक्सेल तुम्ही भरा. याला फी लागत नाही.

आणि तुमचं मन खरंच आर्किटेक्चरमध्ये, टेक्नॉलॉजीच्या खोलीत रमत असेल, तर हा प्रोग्राम करूच नका, खरंच सांगते. डिस्टिंग्विश्ड इंजिनियरच्या, म्हणजे टेक्नॉलॉजीतच राहून वर जायच्या रस्त्यावर फायनान्स थोडं यावं लागतं, क्लाउडवर गेल्यावर भांडवली खर्चाचा चालू खर्च कसा होतो आणि सीएफओला, म्हणजे कंपनीच्या फायनान्स प्रमुखाला, त्यात काय आवडतं, काय नाही, एवढं कळलं पाहिजे, पण ते सहा महिन्यांत पुस्तकांतून आणि फायनान्सच्या एका चांगल्या मित्राकडून येतं.

आता कुठून करायचं. इथे लोक फार गोंधळतात कारण नावं सगळी सारखी वाटतात.

एक वर्षाचे पूर्णवेळ प्रोग्राम वेगळे, अहमदाबाद आयआयएमचा पीजीपीएक्स २००६ पासून चालू आहे, बंगलोर आयआयएमचा ईपीजीपी आहे, कलकत्ता आणि लखनौ आयआयएमचेही आहेत, हैदराबादला आयएसबी, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, आहे. यात नोकरी सोडून राहायला जायचं, प्लेसमेंट असते, आणि फीबरोबर वर्षाचा पगार पण जातो, तो लोक हिशोबात धरायला विसरतात. ज्याला क्षेत्रच बदलायचंय, कन्सल्टिंगला जायचंय, आणि घरची जबाबदारी तेवढं वर्ष दुसरं कुणी उचलू शकतं, त्याच्यासाठी हे चांगलं. होम लोन आणि आठवीतली मुलगी असताना मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

मुंबईत राहून करायचं तर पर्याय भरपूर आहेत आणि इथे मी एक गोष्ट आग्रहानं सांगते, ट्रेनचा नकाशा रँकिंगच्या आधी बघा. चर्चगेटचं जमनालाल बजाज १९६५ पासूनचं, स्टॅनफर्डच्या मदतीनं सुरू झालेलं, मुंबई विद्यापीठाचं, तिथले संध्याकाळचे तीन वर्षांचे कोर्स फार जुने आणि नावाजलेले, आणि फी खाजगीच्या मानानं फारच कमी. पण ऐरोलीहून सहाला निघून चर्चगेट, आणि मग रात्री चर्चगेटहून डोंबिवली, हे आठवड्यातून तीन-चार दिवस आणि तीन वर्षं, ऑफिस फोर्टात किंवा नरिमन पॉइंटला असेल त्यानं जरूर करावं, तुम्ही नको. अंधेरीला भवन्स कॅम्पसमध्ये एसपी जैन आहे, पार्ल्याला एनएमआयएमएस, माटुंग्याला वेलिंगकर, पवईला आयआयटीचं शैलेश मेहता स्कूल, आणि जे आधी नीटी होतं, १९६३ सालचं, ते २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, तेही पवईलाच विहार तलावाजवळ. आयएसबीचा नोकरी करणाऱ्यांसाठीचा प्रोग्रामही मुंबईत वर्ग घेतो. काही ठिकाणी दर वीकेंडला वर्ग, काही ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी एकदा आठवडाभर सलग राहायचं. डिलिव्हरीवाल्याला मला हे सलगवालं जास्त बरं वाटतं, कारण रिलीज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर चालू करायचा दिवस, असला की शनिवार जातोच, पण आठवड्याची रजा आधीपासून टाकून ठेवता येते. दर वीकेंडचं घेतलंत तर डोंबिवलीहून फास्टनं घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं अंधेरी हे शनिवारी जमतं, रविवारी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की तीच वाट दुप्पट होते. मी स्वतः पहिल्या टर्मला दोनदा क्विझ चुकवली आहे मेगाब्लॉकमुळे. तुम्हाला हे बारीक वाटेल, पण दोन वर्षांत लोक सोडून जातात ते अभ्यास कठीण म्हणून फार कमी, दमतात म्हणून जातात.

कागद कुठला मिळणार ते आधी विचारा. आयआयएम पूर्वी डिप्लोमा द्यायच्या, २०१७ चा आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला आणि तेव्हापासून त्यांना डिग्री देता येते. पण त्याच आयआयएमच्या नावानं सहा-आठ महिन्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही विकले जातात, आणि तुम्ही एकदा कुठे नंबर टाकलात की दिवसाला चार फोन येतात, सर फक्त दोनच सीट राहिल्यात, उद्या फी वाढणार. सर्टिफिकेट वाईट असं नाही, एखादा विषय शिकायला ते ठीक, पण ती डिग्री नाही, आणि अशा सर्टिफिकेट कोर्सवर सहसा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो फोनवर शेवटी सांगतात. फोनवाल्याला तीन गोष्टी विचारा, शेवटी कागदावर नेमकं काय लिहिलेलं असेल, पूर्ण माजी विद्यार्थ्याचा दर्जा मिळतो का, आणि मागच्या बॅचमधल्या दोघांशी माझं बोलणं करून द्याल का. तिसऱ्यावर टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आणि बॅच बघा. माझ्यासाठी सगळ्यात मोठी कमाई तीच होती. माझ्या ग्रुपमध्ये फार्मा प्लँटचे प्रॉडक्शन हेड होते, नौदलातून निवृत्त झालेले एक कमांडर, एक सीए, आणि ते भिवंडीवाले. त्या बॅचमध्ये माझ्याशेजारी आयटीचाच माणूस बसला असता तर त्यानं "पैसे कधी येतात" विचारलंच नसतं, आम्ही दोघं मिळून युटिलायझेशनवर, म्हणजे किती माणसं कामाला लागलेली आहेत यावर, बोललो असतो. काही प्रोग्राममध्ये अर्ध्याहून जास्त वर्ग आयटीचाच असतो. माझ्या मते आयटीवाल्यानं तो प्रोग्राम टाळावा, रँक दोन नंबरनं वर असला तरी.

पैशाचं. मोठ्या संस्थांची फी आज २०-३० लाख किंवा त्याच्याही पुढे जाते. २० लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण ३३,२०० येतो आणि एकूण व्याज ७ लाख ९० हजारांच्या आसपास. होम लोनच्या हप्त्याखाली हा आकडा लिहून घरात दोघांनी बसून बघा. जुन्या टॅक्स रेजिममध्ये शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, कलम ८०ई म्हणून सगळे ओळखतात ती, जास्तीत जास्त ८ वर्षं, फक्त व्याजावर, मुद्दलावर नाही. कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं असावं लागतं, मेव्हण्याकडून किंवा कंपनीकडून घेतलेल्यावर मिळत नाही. नव्या रेजिममध्ये ही वजावट नाहीच, त्यामुळे आधी तुम्ही कुठल्या रेजिममध्ये आहात ते बघून मगच हिशोबात धरा.

कंपनी पैसे देईल का, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. माझ्या तेव्हाच्या कंपनीत माझ्या मॅनेजरनी अर्धी फी द्यायचं तोंडी कबूल केलं होतं. मी त्या भरवशावर फी भरली. पाच महिन्यांनी ते दुसऱ्या युनिटला गेले, नवीन आलेल्यांनी असं काही रेकॉर्डवर नाही म्हणून सांगितलं, आणि खरंच नव्हतं. त्या वर्षी आम्ही घरी सोन्याच्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या, माझ्या सासूबाईंनी स्वतः काढून दिल्या, मी ते विसरणार नाही. तेव्हा जे ठरेल ते ईमेलवर, एचआरला सीसी ठेवून. आणि पैशाच्या बदल्यात दोन-तीन वर्षांचा बाँड असेल तर तो नीट वाचा, मधेच नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत की उरलेल्या महिन्यांच्या हिशोबानं, एवढ्या एका वाक्यावर लाखांचा फरक पडतो. मला विचाराल तर कंपनीकडे पैशापेक्षा वेळ मागा. शनिवारी ऑन-कॉल नाही, आणि कॅम्पसच्या आठवड्यांना रजा मंजूर, हे लेखी मिळालं तर मी फी स्वतः भरेन.

परीक्षेची भीती मात्र सोडा. जीमॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा आता २ तास १५ मिनिटांची आहे, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे ४५-४५ मिनिटांचे तीन भाग, निबंध नाही, वाक्यातल्या व्याकरणाच्या चुका काढायचा तो जुना प्रकारही गेला. स्कोअर ५ वर्षं चालतो. काही प्रोग्राम एक्झिक्युटिव्ह असेसमेंट घेतात, ती ९० मिनिटांचीच आणि खास अनुभवी लोकांसाठी केलेली. काही ठिकाणी संस्थेची स्वतःची टेस्ट असते. डेटा इनसाइट्स तुम्हाला जड जाणार नाही, दिवसभर डॅशबोर्डच बघतो आपण. क्वांट गंजलेलं असतं, त्याला उपाय तुमच्या घरातच आहे, मुलीचं आठवीचं गणिताचं पुस्तक, समचलन व्यस्तचलन, सूट आणि कमिशन, चक्रवाढ व्याज, हे सगळं त्यात आहे. दोघं एका टेबलावर बसून सोडवा. तिलाही बरं वाटेल की बाबा पण अभ्यास करतायत.

इंटरव्ह्यूबद्दल पॅनलच्या बाजूनं एक सांगते. आयटीवाल्यांचे निबंध आम्हाला एकासारखे एक दिसतात. "५० जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, अॅजाइल ट्रान्सफॉर्मेशन राबवलं, क्लायंटकडून प्रशस्तिपत्र मिळालं." यातून माणूस दिसत नाही. एकदा एक उमेदवार आला, त्याच्या निबंधात असंच सगळं, बँकेच्या सिस्टिमचं मायग्रेशन, म्हणजे जुन्यावरून नव्यावर नेणं, यशस्वी केलं वगैरे. मी विचारलं, त्या रात्री काही बिघडलं का? तर तो थांबला, आणि मग म्हणाला की पहिल्या प्रयत्नाला रविवारी पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी मी रोलबॅक केलं होतं, म्हणजे सगळं परत जुन्या सिस्टिमवर आणलं होतं. ९४ टक्के डेटा नव्या सिस्टिमवर पोचलेला होता, क्लायंट म्हणत होता पुढे जा, माझा बॉस फोन उचलत नव्हता, आणि उरलेल्या ६ टक्क्यांत पेन्शनची खाती होती आणि सोमवार १ तारीख होती. म्हातारी माणसं सकाळी बँकेच्या दारात उभी राहतील आणि पासबुकात पैसे नसतील, हे माझ्या डोळ्यासमोर आलं आणि मी थांबवलं, आणि त्या महिन्यात मला भरपूर बोलणी बसली. आम्ही तिघं पॅनलवाले पेन खाली ठेवून ऐकत होतो. हे त्यानं निबंधात लिहिलंच नव्हतं, त्याला वाटलं रोलबॅक म्हणजे अपयश. तुमच्या १७ वर्षांत अशा दोन-तीन रात्री नक्की असतील. त्या लिहा. निर्णय काय घेतला, कुणाच्या विरोधात, आणि त्याची किंमत कुणी भरली.

आता शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड. मुलगी आठवीत आहे. पुढच्या वर्षी दोन वर्षांचा प्रोग्राम सुरू केलात तर तुमचं दुसरं वर्ष आणि तिची दहावी एकत्र येतात. माझं अगदी तसंच झालं होतं. मुलाच्या दहावीच्या वर्षी मी दर शनिवार-रविवार घराबाहेर, प्रिलिमच्या आदल्या रात्री मी ग्रुपच्या व्हॅल्युएशनच्या प्रेझेंटेशनवर कॉलवर होते आणि तो भूमितीतलं एक प्रमेय विचारायला दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला. मार्क चांगले पडले त्याला, प्रश्न मार्कांचा नाहीये. तो दारातून परत गेलेला मला दिसला होता आणि मी हातानं "थांब" म्हणून खूण केली होती, तेवढं माझ्या मनातून जात नाही. माझा नवरा सगळं बघत होता, स्वयंपाक, क्लासची ने-आण, पण मुलानं प्रश्न मला विचारायचा होता.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर तिची दहावी होईपर्यंत थांबले असते. वय होईल ४३-४४, वर्गात त्या वयाचे लोक असतात, पॅनलवर मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मधली ही दोन-अडीच वर्षं रिकामी घालवायची नाहीत. त्यात पैशाच्या बाजूचं काम मागून घ्यायचं, एका रिन्यूअलच्या टेबलावर बसायचं, जीमॅट देऊन टाकायची कारण स्कोअर टिकतो, महिन्याला जमेल तेवढी रक्कम फीसाठी बाजूला टाकायची म्हणजे कर्ज २० ऐवजी १२ लाखांवर येईल, आणि तीन-चार संस्थांत एकेक दिवस जाऊन बसायचं, विचारलं तर बऱ्याच ठिकाणी चालू वर्गात बसू देतात. कदाचित या काळात पी अँड एल हातात येईल आणि तुम्हाला वाटेल की आता डिग्रीची गरजच नाही. तसं झालं तर तेही उत्तमच. आणि गरज वाटली तर तेव्हा तुम्ही वर्गात बसाल तेव्हा तुमच्याकडे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

बायकोशी बोलताना फक्त फीचं बोलू नका. दोन वर्षांचे शनिवार-रविवार कॅलेंडरवर खुणा करून दाखवा, गणपती, लग्नं, आई-वडिलांची डॉक्टरची फेरी, त्यातलं काय कोण करणार. त्याही नोकरी करतात, त्यांचाही रविवार एकच असतो.

आणि येत्या सोमवारी एक काम करा. तुमच्या अकाउंटचे पैसे सरासरी किती दिवसांनी येतात ते फायनान्सला विचारा, आणि इनव्हॉइस महिन्याच्या किती तारखेला जातं तेही. आकडा कळला की मला सांगा, पुढचं त्यावर बोलू.